दिवा बघितल्याशिवाय अ‍ॅम्प बदलू नको

एका तरुण मुलानं विचारलंय ते थोडक्यात असं: "काका, माझ्या डिझेल हॅचबॅकमध्ये स्पीकरला ताकद देणारा चार चॅनेलचा अ‍ॅम्प आहे. पुढच्या दोन चॅनेलवर दारातले स्पीकर, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, त्यावर बारा इंची डबल कॉइलचा वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर. कोल्हापुरातनं गगनबावड्याकडं निघालो की अर्ध्या तासात, कळ्याच्या आसपास आवाज जातो. चार-पाच मिनिटांनी आपोआप येतो. कधी गाडी खड्ड्यात आपटली की क्षणभर जातो आणि लगेच येतो. फ्यूज चांगला आहे. दोन दुकानांत दाखवलं, दोन्हीकडं म्हणाले अ‍ॅम्प गेलाय, नवा घाल. घालू का?"

घालू नको. निदान या आठवड्यात तरी नको.

चोवीस वर्षं झाली, कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग आणि साउंडचं काम करतोय. गेलेला अ‍ॅम्प एकदा जातो आणि गेलेलाच राहतो. जो पाच मिनिटांनी परत गायला लागतो, तो बहुतेक वेळा आतनं धडधाकट असतो आणि बाहेरच्या कशालातरी वैतागून गप्प बसलेला असतो. तुझ्या प्रश्नात मला एक नाही, दोन दुखणी दिसतात. अर्ध्या तासानं जाणं आणि थोडं थांबलं की येणं, हे उष्णतेचं लक्षण. खड्ड्यात क्षणभर जाणं, हे लूज कनेक्शनचं. ही दोन वेगळ्या घरची पोरं आहेत. दुकानवाला एक कारण शोधतो, ते दोन्हीला लागू पडत नाही, मग सगळं खापर अ‍ॅम्पवर फोडून मोकळा होतो. मीही असं केलेलं आहे, ते पुढं सांगतो.

आधी एक काम कर, त्याला रुपया लागत नाही. आवाज जातो त्या क्षणी अ‍ॅम्पवरचा दिवा काय करतो ते बघ. तू गाडी चालवत असणार, डिकीत बघणार कसा? मोबाइलचा व्हिडिओ चालू करून तो अ‍ॅम्पसमोर टेपनं चिकटव आणि बालिंगा ओलांडून कळ्यापर्यंत एक फेरी मार. घरी येऊन बघ. दिवा पूर्ण विझला असेल तर अ‍ॅम्पला करंट मिळत नाही, नाहीतर रिमोट वायर, म्हणजे स्टिरिओकडनं त्याला चालू हो म्हणून सांगणारी बारीक वायर, तुटतेय. दिवा लाल झाला असेल, काही अ‍ॅम्पवर प्रोटेक्ट असं लिहिलेला वेगळा दिवा असतो, तो लागला असेल, तर अ‍ॅम्पनं स्वतःला वाचवण्यासाठी स्पीकरचं कनेक्शन तोडलंय. आणि दिवा हिरवाच्या हिरवा असून आवाज नसेल तर अ‍ॅम्प जागा आहे, पण त्याला गाणं पोचत नाही किंवा त्याचं गाणं स्पीकरला पोचत नाही. या तीन फाट्यांपैकी कुठला आपला, हे कळल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही.

माझी पैज लाल दिव्यावर आहे, आणि कारण तूच लिहिलंयस: ब्रिज केलेला अ‍ॅम्प आणि डबल कॉइलचा वूफर. आमच्याकडं फिटरला "छाती हलली पाहिजे" एवढंच सांगितलेलं असतं. मिरवणुकीतला डॉल्बी गाडीत पाहिजे असतो सगळ्यांना. मग फिटर वूफरमधल्या दोन्ही कॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, पॅरलल जोडतो, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, कारण त्यात आवाज जास्त निघतो. आता हिशोब बघ. ओम म्हणजे करंटला होणारा अडथळा, तो जेवढा कमी तेवढं ओझं जास्त. प्रत्येक कॉइल ४ ओमची असेल तर पॅरलल जोडल्यावर २ ओम होतात. ब्रिज केलेल्या अ‍ॅम्पमध्ये दोन चॅनेल मिळून एक लोड ओढतात, त्यामुळं प्रत्येक चॅनेलला त्या लोडचा निम्माच रेझिस्टन्स दिसतो. म्हणजे तुझ्या अ‍ॅम्पच्या मागच्या प्रत्येक चॅनेलला १ ओम दिसतोय. बहुतेक चार चॅनेलचे अ‍ॅम्प ब्रिजमध्ये ४ ओमच्या खाली चालवायचे नसतात, तसं त्यांच्या पाठीवर किंवा पुस्तकात छापलेलंच असतं. पहिली वीस मिनिटं तो दणकून वाजतो, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जातो. मग तापतो, आतला सेन्सर साधारण ८० अंशांच्या पुढं गेला की बंद करतो, गार झाला की चालू करतो. तुझं चार-पाच मिनिटांचं गणित इथंच जुळतं.

तपासायला सोपं आहे. वूफरची वायर अ‍ॅम्पमधनं सोडव आणि त्या दोन टोकांवर मल्टिमीटर ओमवर लाव. ४ ओमचा लोड मीटरवर ४ दिसत नाही, ३.२ ते ३.७ च्या आसपास दिसतो. घाबरू नको, मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो. १.६ ते १.८ दिसलं की समज, २ ओमचा लोड आहे. मग वूफर डब्यातनं बाहेर काढ आणि दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोड: अ‍ॅम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस अ‍ॅम्पच्या मायनसला. आता मीटर ७ च्या आसपास दाखवेल. एक कॉइल उलटी जोडलीस तर दोन्ही एकमेकींविरुद्ध ओढतील आणि बास मरेल, म्हणून खुणा बघून जोड. यानं वूफरची पॉवर कागदावर पावपट होते हे खरं, पण पावपट पॉवर म्हणजे ६ डेसिबलचा फरक, कानाला आवाज पावपट वाटत नाही. ऐकून नाही पटलं तर २-२ ओमच्या कॉइलचा वूफर घे, तो सिरीजमध्ये बरोबर ४ ओम होतो.

अ‍ॅम्प कुठं बसवलाय ते तू लिहिलं नाहीस. आमच्याकडची रीत बघता वूफरच्या डब्याच्या पाठीवर, वर गालिचा, त्यावर प्रवासाची बॅग. अ‍ॅम्पच्या अंगावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या शोभेला नसतात, त्यांना वारा लागतो. आवाज गेल्या गेल्या गाडी बाजूला घेऊन अ‍ॅम्पवर तळहात ठेव. दोन-तीन सेकंदांत हात उचलावा लागला तर साधारण ६० अंशांच्या वर आहे. कोमट असेल आणि तरी लाल दिवा असेल, तर माझी पैज हरली, दुखणं दुसरं आहे. डब्यावरचा अ‍ॅम्प मला आणखी एका कारणानं खटकतो. वूफरचा प्रत्येक धक्का तो अंगावर घेतो आणि वर्षा-दोन वर्षांत आतले जड पार्ट सोल्डरमधनं सुटायला लागतात. मागच्या सीटच्या पाठीला प्लायवूडचा तुकडा लावून त्यावर बसव, पट्ट्या उभ्या ठेव.

तापण्यात गेनचाही हात असतो. अ‍ॅम्पवरचं ते छोटं बटण व्हॉल्यूम नाही. स्टिरिओ जेवढा सिग्नल देतो तेवढ्याला अ‍ॅम्प जुळवून घेण्यासाठी ते आहे. सगळे ते शेवटपर्यंत फिरवतात. मग स्टिरिओ निम्म्यावर असतानाच अ‍ॅम्प क्लिप व्हायला लागतो, आवाज फाटतो, अ‍ॅम्पही तापतो आणि कॉइलही. बास बूस्ट शून्यावर आण, गेन पूर्ण खाली कर, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेव, ओळखीचं गाणं लाव आणि गेन हळूहळू वाढव. फाटल्यासारखं वाटलं की थोडं मागं ये. बस्स.

हात लावल्यावर अ‍ॅम्प गार आणि दिवा लाल, असं निघालं तर सगळ्या स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्पमधनं सोडव आणि चालू कर. लाल गेला तर एकेक स्पीकर जोडत जा, ज्यानं लाल येईल तो गुन्हेगार. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरातनं जाणारी वायर चेपून बॉडीला लागलेली मी कितीतरी वेळा बघितली आहे. स्पीकरच्या कुठल्याही वायरीचा आणि गाडीच्या पत्र्याचा मीटरवर संबंध लागता कामा नये. सगळे सोडवूनही लाल राहिला तर आरसीए, म्हणजे स्टिरिओकडनं गाणं आणणारी वायर, काढून बघ. तरीही राहिला तर मात्र अ‍ॅम्प उघडायला आणायचा.

आता खड्ड्याचं दुखणं. इथं माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी कागलकडचं एक गिऱ्हाईक आलं. त्याचीही हीच तक्रार, खड्ड्यात आणि मोठ्या बासला अ‍ॅम्प बंद. मी मीटर बीपवर लावला (वायर अखंड असली की तो वाजतो), प्लसची वायर बॅटरीपासून डिकीपर्यंत बीप वाजवत होती, अर्थही, म्हणजे मायनसची गाडीच्या पत्र्याला जोडलेली वायरही, बीप वाजवत होती, फ्यूज डोळ्यांना अखंड. मग अ‍ॅम्पच असणार म्हणून नवा विकला. आठ दिवसांनी माणूस परत दारात. त्या वेळी मी अर्थची वायर बॉडीपासून सोडवली आणि थिंबलजवळचं, म्हणजे वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीजवळचं, प्लास्टिक ब्लेडनं चिरलं. आत तांब्याची अर्ध्याहून जास्त तारं थिंबलच्या तोंडाशीच तुटलेली, टोकं हिरवी पडलेली, आणि मोजून सात तारा शाबूत. त्या सात तारांवर मीटर खुशाल बीप वाजवत होता. मीटर ओम मोजताना वायरीतनं फार तर काही मिलिअँपिअर सोडतो, त्याला सात तारा म्हणजे हमरस्ता. अ‍ॅम्पला पाहिजेत ४०-५० अँपिअर. त्याला ती पायवाट. मी गिऱ्हाइकाचा जुना अ‍ॅम्प परत बसवून दिला, नव्याचे पैसे परत केले, आणि तेव्हापासून पॉवरच्या वायरीवर बीपचा भरवसा धरायचं सोडून दिलं.

म्हणून वायर नेहमी ओझ्याखाली मोजायची. मीटर डीसी व्होल्टवर, इंजिन चालू, गाणं मोठ्यानं. आधी अ‍ॅम्पच्या प्लस आणि अर्थवर लाव. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ असतात, अ‍ॅम्पवर त्यापेक्षा अर्धा व्होल्ट कमी असला तर चालतं. बासच्या ठोक्याला ११ च्या खाली गोते खात असेल तर अ‍ॅम्प बंद होणारच, बरेचसे साडेदहाच्या आसपास बंद करतात. मग चोर प्लसमध्ये आहे की अर्थमध्ये, ते शोध. एक लांब वायर घेऊन मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी अ‍ॅम्पच्या अर्थवर. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे अर्थच्या वाटेत गळतायत. तसंच प्लसचं: एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी अ‍ॅम्पच्या प्लसवर. ५० अँपिअरला १ व्होल्ट गळायला वाटेत ०.०२ ओम पुरतात, आणि एवढा बारीक ओम साधा मीटर सरळ मोजूच शकत नाही. गळती मात्र लख्ख दाखवतो.

दहातल्या सात-आठ वेळा चोर अर्थमध्ये सापडतो, निदान माझ्या बाकावर. वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको, प्लसच्याच जाडीची पाहिजे, आणि पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरनं खरवडून चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. रंगावरनं बोल्ट आवळला तर करंट बोल्टच्या आट्यांतनंच जातो. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देऊ नको, तो जीव वाचवण्यासाठी आहे. बोल्ट आवळल्यावर वरनं ग्रीस किंवा रंगाचा हात मार. गगनबावड्याच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचा गालिचा चार महिने ओला असतो, उघडा पत्रा गंजायला वेळ लागत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या तर अजून येतात माझ्याकडं. बाहेरनं लखलखीत, आणि अर्थचा बोल्ट फिरवला की गंजाचा भुगा हातात. तुझी गाडी जुनी घेतलेली असेल तर हे आधी बघ.

प्लसच्या बाजूला बॅटरीजवळचा फ्यूज. तू म्हणतोस चांगला आहे. काचेचा लांबट फ्यूज असेल तर मी मानणार नाही. त्यात काचेतली पट्टी दिसायला अखंड असते, पण दोन्ही टोकांच्या टोप्यांमधलं सोल्डर तापून सुटतं. गार असताना चिकटलेलं, गरम झालं की सुटलेलं. मीटर लावेपर्यंत ते गार झालेलं असतं, म्हणून सापडत नाही. अर्धा तास वाजवून मग फ्यूजच्या दोन्ही टोपणांवर हात लाव. एक टोक चटका देत असेल तर होल्डरसकट फेकून दे आणि स्क्रूनं आवळायचा चपट्या पट्टीचा फ्यूज घाल. जेवढ्या अँपिअरचा अ‍ॅम्पवर लिहिलाय आणि वायरीला सोसेल तेवढाच. मोठा घालून किंवा तार गुंडाळून काम भागवणारे आहेत आमच्या धंद्यात. फ्यूज वायर पेटू नये म्हणून असतो आणि तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत पाहिजे. इंजिनमधनं आत येताना वायर पत्र्याच्या भोकातनं रबराशिवाय आली असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते कर.

वायर स्वतः कशाची आहे तेही बघ. बाजारात मिळणाऱ्या "१५०० वॅटच्या" किटमधली वायर जाड दिसते, पण जाडी प्लास्टिकची असते आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. एक तार ब्लेडनं खरवड. आत पांढरं दिसलं की समज. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६१ टक्केच करंट वाहून नेतं, वर थिंबलखाली दबून सैल होत जातं. ५०० वॅट खरोखर देणाऱ्या क्लास डी, म्हणजे कमी करंट खाणाऱ्या नव्या बनावटीच्या, अ‍ॅम्पला ४५ अँपिअर लागतात, जुन्या क्लास एबीला ६५ च्या आसपास. त्याला साधारण २१ चौरस मिलिमीटरची, म्हणजे ४ गेजची तांब्याची वायर घाल.

रिमोट वायरची खोड वेगळीच. तिच्यावर अगदी थोडा करंट असतो, पण ती तुटली की राजाच झोपतो. निळ्या-पांढऱ्या वायरीऐवजी नुसती निळी, म्हणजे अँटेनाची जोडलेली असेल, तर बऱ्याच स्टिरिओत ती फक्त रेडिओ चालू असताना जिवंत असते. संशय असेल तर १ अँपिअरचा फ्यूज लावलेली छोटी वायर अ‍ॅम्पच्या प्लसवरनं रिमोटच्या टर्मिनलला टेकव आणि खड्ड्यातनं फिरून ये. आता आवाज गेला नाही तर स्टिरिओमागची रिमोटची जोड सैल आहे. रात्री ती वायर काढायला विसरू नको, नाहीतर सकाळी गाडी ढकलत आणशील.

दिवा हिरवा राहून आवाज जात असेल तर बहुतेक आरसीए. स्टिरिओमागं हात घालून हलव, डावी-उजवी आलटून पालटून बघ, फोन थेट अ‍ॅम्पला जोडून वाजव. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं अ‍ॅम्पच्या आरसीएजवळ हलकेच टकटक कर. टकटकीला आवाज आला-गेला तर आत ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत आलेला सोल्डरचा टाका, आहे, पुन्हा सोल्डर केला की झालं.

एक जागा मात्र कुणीच बघत नाही, आणि तुझ्या बाबतीत वूफर बाहेर काढणारच आहेस म्हणून सांगतो. वूफरच्या टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणाऱ्या दोन वेणीसारख्या लवचिक तारा असतात. कोन पुढं-मागं होताना त्या नाचतात, आणि काही वर्षांनी आतल्या आत तुटतात किंवा नाचता नाचता लोखंडी सांगाड्याला टेकतात. टर्मिनलवर मीटर लाव, दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी पसरून तो हळूच आत दाब आणि सोड. मीटरचा आकडा स्थिर राहिला पाहिजे. मध्येच तो उडाला, जोड तुटल्याचं दाखवलं, किंवा दाबताना खरखर आली, तर खड्ड्यातला आणि मोठ्या बासचा चोर तिथंच बसलाय. एका पिननं सांगाडा आणि दुसरीनं टर्मिनल धरूनही तेच करून बघ, तिथं काहीच दिसता कामा नये.

दुकानात आता कोणीतरी तुला कपॅसिटर, म्हणजे करंट क्षणभर साठवणारा डबा, घालायला सांगेल. १ फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरनं १२ वर येईपर्यंत २६ ज्यूल देतो. ५०० वॅट ओढणाऱ्या अ‍ॅम्पला ते सेकंदाच्या विसाव्या भागाला पुरतात. त्याच्यावरचे व्होल्टचे निळे आकडे दिसायला छान, एवढंच. त्या पैशात जाड वायर आणि चांगले थिंबल येतात. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर ती तपासून घे. इंजिन बंद करून काही तास उभी ठेवल्यावर १२.६ च्या आसपास पाहिजे.

बॅटरीचा मायनस काढूनच कामाला लाग. आधी कॉइल मोज आणि सिरीज कर, मग अर्थ खरवड, मग फ्यूजचं टोपण. मग फोन डिकीत ठेवून गगनबावड्यापर्यंत जाऊन ये. लाल दिवा लागला आणि अ‍ॅम्प गार असेल, तर अ‍ॅम्प सोडवून माझ्याकडं आण. येताना वूफरही आण.